प्रवाळी अळंब्या: ओळख कुठवर पोचते

पावसाने भिजलेल्या जंगलात पालापाचोळ्यातून वर आलेली, फांद्या फुटलेली पांढरी, पिवळी, गुलाबी किंवा जांभळी अळंबी दिसली की ती कोणत्या गटातली हे कोणालाही सांगता येते. समुद्रातल्या पोवळ्याशी तिचे साम्य इतके ठसठशीत असते की पुस्तक उघडायचीही गरज वाटत नाही. अडचण इथूनच सुरू होते. जो आकार पाहून आपण तिला चटकन ‘प्रवाळी अळंबी’ म्हणतो, तो आकार तिच्या कुळाबद्दल आणि जातीबद्दल फारच थोडे सांगतो. गेल्या अडीचशे वर्षांचा कवकशास्त्राचा इतिहास, सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा आणि गेल्या तीन दशकांतला जनुकीय अभ्यास यांची एकत्र मांडणी केली तर एक गोष्ट स्पष्ट होते. या अळंब्यांची ओळख पटवणारे गुण बहुतेक वेळा फांद्यांच्या खाली, आत किंवा त्यांवरून गळणाऱ्या बीजाणूंमध्ये असतात, आणि तेवढा पुरावा हातात नसेल तर वंशाच्या नावावर थांबणे हीच पूर्ण आणि प्रामाणिक ओळख ठरते. जातीचे नाव मिळालेच पाहिजे हा हट्ट या गटाच्या अभ्यासाला सर्वांत जास्त भोवला आहे.

लिनिअसने 1753 साली आपल्या ग्रंथात ‘क्लाव्हेरिया’ हा वंश मांडला, तेव्हा दंडगोलासारखे किंवा फांद्यांचे जवळजवळ सगळे कवक त्यात बसले. लाकडावर उगवणारे, मातीतून येणारे, किडीच्या अंगातून फुटणारे, मऊ, चिवट, काळे, पांढरे असे सगळेच. पुढे डेन्मार्कचे होल्मस्क्योल्ड यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी यांची देखणी रंगीत चित्रे छापली आणि पर्सून यांनी 1797 मध्ये गदेसारख्या आकाराच्या कवकांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. स्वीडनचे एलियास फ्रीस यांचे कवकांचे मोठे वर्गीकरण 1821 पासून प्रसिद्ध होऊ लागले. बाराव्या वर्षी आईबरोबर स्ट्रॉबेरी वेचताना प्रवाळासारखीच दिसणारी एक मोठी अळंबी सापडली आणि त्या क्षणापासून आपल्याला कवकांचा ध्यास लागला, असे फ्रीस यांनीच सांगून ठेवले आहे. ती अळंबी हेरिशियम वंशातली होती. तिच्या फांद्यांवरून काटे खाली लोंबतात, आणि ज्यांना आज आपण प्रवाळी म्हणतो त्यांच्या मुख्य घोळक्याशी तिचे जवळचे नाते नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या आरंभीही आकाराची भूल होती, आणि त्यात त्यांचा दोष काही नव्हता. त्या काळात पाहण्याची साधनेच आकारापाशी थांबत होती.

विसाव्या शतकात हा गठ्ठा सुटू लागला. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम केलेले इंग्रज शास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी 1950 साली क्लाव्हेरिया आणि तिच्या सोबतच्या वंशांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी 1932 मध्ये त्यांनी अळंबीचे अंग कोणत्या प्रकारच्या तंतूंनी विणलेले आहे हे तपासण्याची पद्धत मांडली होती. काही अळंब्यांत एकाच प्रकारचे, पातळ भिंतीचे, वाढणारे तंतू असतात. काहींत त्यांच्या जोडीला जाड भिंतीचे, कणखर तंतूही असतात. बोटांत धरल्यावर एक फांदी कट्‌कन मोडते आणि दुसरी दोऱ्यासारखी वाकते, याचे कारण बरेचदा या विणीत असते. टेरुला वंशातल्या केसासारख्या बारीक फांद्या दिसायला नाजूक, पण तोडायला गेले तर चिवट लागतात, कारण त्यांत दोन्ही प्रकारचे तंतू आहेत. हाताला जाणवणारा गुण आणि सूक्ष्मदर्शकाला दिसणारी रचना यांची अशी सांगड घालणे हे कॉर्नर यांचे मोठे काम. त्यांच्या ग्रंथातले अनेक वंश आज वेगळ्या कुळांत गेले असले तरी त्यांची वर्णने अजून जुनी झालेली नाहीत.

जनुकीय अभ्यासाने मग उरलासुरला एकसंधपणाही मोडला. 1999 साली पाइन, हिबेट आणि डोनह्यू यांनी मायटोकाँड्रिया आणि केंद्रक या दोन्हींतील जनुकांच्या आधारे दाखवले की प्रवाळासारखी अंगलट कवकांच्या उत्क्रांतीत एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे उपजली आहे. खरी क्लाव्हेरिया आणि क्लाव्हुलिनोप्सिस आपल्या ओळखीच्या छत्रीधारी अळंब्यांच्या गणात बसतात. क्लाव्हुलिना शँटरेलच्या गणात जाते. रामारिया दुर्गंधी फालस अळंब्यांच्या दूरच्या भाऊबंदांत मोडते, आणि तिचे सर्वांत जवळचे नातलग शोधले तर गॉटिएरियासारखे जमिनीखाली वाढणारे, बटाट्यासारख्या आकाराचे कवक निघतात. आर्टोमायसीस रुसुलाच्या गणात, कॅलोसेरा जेलीसारख्या कवकांत, थेलेफोरा आणखी वेगळ्या गणात. झायलेरिया आणि जिओग्लॉसम तर कवकांच्या दुसऱ्याच मोठ्या शाखेतले, जिथे बीजाणू पिशव्यांच्या आत तयार होतात. 2006 मध्ये डेंटिंगर आणि मॅकलॉफलिन यांनी क्लाव्हेरिया कुळाची फेरमांडणी केली, तेव्हा जांभळट दंडगोलाच्या एका जुन्या, परिचित ‘क्लाव्हेरिया’लाही कुळाबाहेर काढून नवा वंश द्यावा लागला.

असे का झाले असावे, याचे उत्तर फारसे गूढ नाही. बीजाणू तयार करणारा पृष्ठभाग जितका मोठा तितकी संतती जास्त, आणि कमीत कमी द्रव्यात मोठा पृष्ठभाग मिळवायचा तर उभे राहून फांद्या फोडणे हा सर्वांत साधा मार्ग आहे. टोपी, पटले, नळ्या अशी गुंतागुंतीची बांधणी त्याला लागत नाही. मात्र टोपीचा आडोसा नसल्यामुळे पृष्ठभाग चटकन सुकतो, म्हणून हे सगळे दमट, सावलीच्या जागेचे आणि ओल्या ऋतूचे प्रवासी. कॉर्नर यांना तर वाटत होते की हीच साधी अंगलट मूळची आणि बाकीच्या अळंब्या तिच्यापासून निघाल्या. नंतरच्या वंशवृक्षांनी लाकडाला चिकटलेल्या सपाट पापुद्र्यासारख्या पूर्वजाकडे अधिक कल दाखवला. पण मूळ रूप कोणतेही मानले तरी एवढे नक्की, की एकच गरज भागवायला वेगवेगळ्या घराण्यांनी एकाच आकाराचा आश्रय घेतला आहे. अशा आकारावर ओळख उभी करता येत नाही.

याचा खरा अर्थ एका उदाहरणात नीट दिसतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ओकच्या जंगलात पांढरी, फांद्यांची, चार-पाच सेंटिमीटर उंचीची अळंबी सापडली असे समजू. छायाचित्रात ती ‘पांढरी प्रवाळी’ एवढेच सांगते. ती क्लाव्हुलिना कोरॅलॉइडिस असू शकते, रामारिऑप्सिस कुंझेई असू शकते, सेबासिना श्वाइनिट्झी असू शकते किंवा आर्टोमायसीस पिक्सिडेटसचे कोवळे, फिकट रूप असू शकते. चार अळंब्या, चार वेगळे गण. आता बुंध्यापाशी बोट किंवा सुरीचे टोक घालून ती अलगद वर काढावी आणि पहिला प्रश्न विचारावा: ही मातीतून आली की लाकडातून? लाकडातून असेल आणि प्रत्येक फांदीचे टोक बारीक खळगा होऊन त्याच्या काठावरून तीन ते सहा फांद्या पुन्हा वर उठत असतील, त्यांच्याही टोकांना पुन्हा तसेच मुकुट असतील, म्हणजे मजल्यावर मजला चढवलेल्या दीपमाळेसारखी रचना असेल, तर ती आर्टोमायसीस. तिचा अगदी छोटा तुकडा जिभेवर ठेवून थुंकला तर काही क्षणांनी तिखट लागतो, आणि तिचे बीजाणू आयोडीनयुक्त मेल्झर द्रावात निळसर काळे होतात. मातीतून आलेली असेल तर फांदी वाकवून पाहावी. रबरासारखी चिवट, टोके बोथट, फांद्या चपट्या आणि एकमेकींत मिसळलेल्या असतील तर सेबासिनाचा संशय घ्यावा. ती झाडांच्या मुळांशी सहजीवन करणारी आहे, आणि तिचे बीजाणू जिच्यावर तयार होतात ती पेशी उभ्या पडद्यांनी विभागलेली असते.

फांदी मोडली आणि टोके दातेरी, झालरीसारखी असतील तर क्लाव्हुलिनाकडे कल जातो. इथे सूक्ष्मदर्शकाची चारशे पट शक्तीसुद्धा पुष्कळ काम करते. क्लाव्हुलिनाच्या बीजाणूधर पेशीवर चारऐवजी दोनच, आत वळलेली, जाडसर शिंगे असतात आणि बीजाणू जवळजवळ गोल, गुळगुळीत, आत तेलाचा मोठा थेंब असलेले. रामारिऑप्सिसला शिंगे चार, बीजाणू फार लहान आणि बारीक काट्यांचे, बुंध्याला बरेचदा गुलाबी छटा. क्लाव्हुलिनाचे शँटरेलशी नाते जनुकांनी सिद्ध केले खरे, पण त्याच्या कितीतरी आधी तिच्या बीजाणूधर पेशीतल्या केंद्रकविभाजनाची दिशा पाहून जुन्या शास्त्रज्ञांनी हे नाते ओळखले होते. बहुतेक अळंब्यांत विभाजनाची चाती पेशीला आडवी असते, या दोघींत ती उभी असते. बारकाईने पाहिलेला एक सूक्ष्म गुण अख्ख्या अंगलटीपेक्षा खरा निघाला, याहून चांगला पुरावा माझ्या म्हणण्याला मिळणे कठीण आहे. आणि सूक्ष्मदर्शकही एकदाच पाहून पुरत नाही. क्लाव्हुलिनाच्या फांद्यांवर हेल्मिंथोस्फेरिया नावाचे परजीवी कवक वाढते तेव्हा पांढरी अळंबी बुंध्याकडून काळपट राखाडी होत जाते, आणि मग तिला राखाडी रंगाच्या वेगळ्या जातीचे नाव सहज चिकटते. रंग अळंबीचा आहे की तिच्यावर वाढणाऱ्या पाहुण्याचा, हे भिंगातून दिसणाऱ्या बारीक काळ्या ठिपक्यांवरून ठरवावे लागते.

पिवळ्या-नारिंगी अळंब्यांत स्पर्श हाच पहिला न्यायाधीश. युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांत सडक्या बुंध्यावर झळझळीत नारिंगी कॅलोसेरा व्हिस्कोसा उगवते. ती गुळगुळीत, बुळबुळीत, आणि बोटाभोवती गुंडाळली तरी तुटत नाही. तिची बीजाणूधर पेशी वाय अक्षरासारखी दुभंगलेली असते. तशाच रंगाची क्लाव्हुलिनोप्सिस मातीतून किंवा गवतातून येते आणि लगेच मोडते. जांभळ्यांतही हेच. क्लाव्हेरिया झोलिंजेरी ठिसूळ आणि चार शिंगांची, तर क्लाव्हुलिनाच्या जांभळ्या जाती त्या मानाने चिवट आणि दोन शिंगांच्या. रामारियाचे प्रकरण मात्र एवढ्यावर सुटत नाही. जगभर तिच्या दोनशेहून अधिक जाती मानल्या जातात, आणि पिवळ्या, नारिंगी, गुलाबी रंगांच्या अनेक जाती प्रौढ झाल्या की स्वतःच्याच गेरूसारख्या बीजाणूंनी माखून एकसारख्या मातकट होतात. म्हणून कोवळी आणि जून अशी दोन्ही रूपे एकाच ठिकाणाहून पाहणे जरुरीचे असते. कोवळेपणी टोकांचा रंग आणि फांद्यांचा रंग वेगळा आहे का, कापल्यावर देठाचा गर रंग बदलतो का, गर जेलीसारखा आहे की धागेदार, फेरस सल्फेटचा थेंब टाकल्यावर हिरवा होतो का, तंतूंच्या सांध्यांवर आकडे आहेत का, कॉटन ब्लू रंगात बीजाणूंवरचे चामखीळ-रेषा निळ्या उठतात का, अशी प्रश्नांची मालिकाच असते. अमेरिकेतले मार आणि स्टंट्झ यांनी 1973 मध्ये पश्चिम वॉशिंग्टनमधल्या रामारियांवर लिहिलेला ग्रंथ याच कारणाने मैलाचा दगड ठरला, की त्यांनी ताज्या अळंबीचे गुण आणि रासायनिक प्रतिक्रिया सातत्याने नोंदवल्या. वाळलेल्या नमुन्यावरून हे गुण नंतर मिळत नाहीत. 2001 मध्ये हुम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रामारिया हा वंशही एकसंध नाही. तेव्हा जंगलात उभे राहून पिवळ्या रामारियाला एका जातीचे नाव देणाऱ्याने नक्की कोणता पुरावा पाहिला, हे विचारलेच पाहिजे.

फांद्या नसलेले किंवा तुरळक फांद्यांचे काळे, लाल दंडगोल या चर्चेत बाजूला ठेवता येत नाहीत, कारण सर्वांत घातक चूक तिथेच होऊ शकते. काळ्या रंगाच्या, कोळशासारख्या कडक पण आतून पांढऱ्या दंडगोलांना आडवे कापले की कडेला बीजाणूंच्या बारीक कुप्या दिसतात. ती झायलेरिया. दंडगोल जमिनीतून आलेला दिसला तर तो खणूनच पाहावा, कारण तळाशी गाडलेले लाकूड, वाळवीचे जुने वारूळ किंवा किडीची अळी यांपैकी काय आहे त्यावर सगळा उलगडा अवलंबून असतो. लाल-नारिंगी, बोटांसारख्या फुटणाऱ्या ट्रायकोडर्मा कॉर्नु-डामी या कवकाने जपान आणि कोरियात माणसे दगावली आहेत. लोकांनी तिला औषधी रेईशीची कोवळी शिंगे समजून किंवा खाद्य प्रवाळी समजून खाल्ले. तिच्यातली ट्रायकोथेसीन विषे खाल्ल्यावर अनेक अवयव निकामी करतात, आणि तिला नुसता हात लावल्यानेही त्वचेचा दाह होऊ शकतो असे नोंदले आहे. 2019 मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या केर्न्सजवळही आढळल्याचे तिथल्या संशोधकांनी जाहीर केले. अनोळखी, चकचकीत लाल फांदी जिभेवर ठेवून पाहण्याचा प्रयोग म्हणूनच करू नये. वर आर्टोमायसीसच्या तिखट चवीचा उल्लेख आहे तो लाकडावरच्या, मुकुटधारी, फिकट अळंबीपुरताच.

खाण्याच्या प्रश्नावर फार रेंगाळण्याची गरज नाही. ‘सगळ्या प्रवाळी निरुपद्रवी’ ही समजूत चुकीची आहे. युरोपात रामारिया फॉर्मोसाने पोट बिघडते, तर रामारिया बोट्रायटिस आवडीने खाल्ली जाते, आणि दोन्ही एकाच वंशातल्या आहेत. ब्राझील-उरुग्वेत निलगिरीच्या लागवडीत उगवणारी रामारिया फ्लाव्होब्रुनेसेन्स खाऊन गुरांचे केस झडतात, खुरे सुटतात, तोंडातून लाळ गळते, आणि हा रोग तिथल्या पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

या सगळ्यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की आजचे छायाचित्र ओळखणारे अ‍ॅप आणि आय-नॅचरलिस्टसारखी नोंदस्थळे लाखो छायाचित्रांतून शिकतात, मग बीजाणू-बुंधा यांची कटकट कशाला? पक्ष्यांच्या किंवा फुलपाखरांच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य आहे, कारण त्यांचे ओळखीचे गुण बाहेर दिसतात. प्रवाळी अळंब्यांच्या बाबतीत निर्णायक गुण छायाचित्रात उतरतच नाहीत. मग यंत्र ज्या नावांवरून शिकते ती नावेही बहुतांशी छायाचित्र पाहूनच दिलेली असतात. चुकीचे नाव यंत्राने पुन्हा सुचवायचे, माणसाने ते मान्य करायचे आणि ते यंत्राला पुन्हा शिकवायचे, असा फेरा त्यातून तयार होतो. याचा अर्थ छायाचित्र निरुपयोगी असा नाही. बुंध्याचे, आडव्या कापाचे, जवळच्या झाडाच्या पानांचे आणि काळ्या-पांढऱ्या कागदावर घेतलेल्या बीजाणूठशाचे छायाचित्र असेल तर त्याचे मोल कितीतरी पटींनी वाढते. बीजाणूठसा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद, त्यावर एक-दोन फांद्या, वर उपडी वाटी आणि एक रात्र, एवढे पुरते. ठसा पांढरा आला तर क्लाव्हुलिना, क्लाव्हेरियाचे दार उघडते, गेरूसारखा आला तर रामारियाचे. एका रात्रीत अर्धे कोडे सुटते.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे: शेवटी जनुकक्रमच निर्णय देणार असेल तर बाकी सगळे जुनाट. 2012 मध्ये आयटीएस हा तुकडा कवकांचा अधिकृत बारकोड म्हणून सुचवला गेला, आणि त्यामुळे काम वेगवान झाले हे खरेच आहे. पण क्रम हाती आला तरी तो कोणत्या नावाशी जोडायचा हा प्रश्न उरतोच. 2006 साली निल्सन आणि सहकाऱ्यांनी सार्वजनिक साठ्यातील कवकांचे क्रम तपासले तेव्हा सुमारे 20 टक्के क्रमांना जातीचे नाव चुकीचे असण्याची शक्यता त्यांना दिसली. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक नावांचे मूळ नमुने उपलब्धच नाहीत, किंवा असले तरी त्यांचे डीएनए काढता येत नाही. रामारिया फॉर्मोसा हे युरोपातल्या बीचच्या जंगलातले नाव उत्तर अमेरिकेतल्या भलत्याच जातींना दीर्घकाळ लावले गेले. तिथे क्रम वेगळा आहे एवढे जनुके सांगतील, पण त्या अमेरिकन अळंबीचा देठ कापल्यावर कसा दिसतो, ती कोणत्या झाडाखाली येते, हे ताज्या नोंदीशिवाय कोणी सांगणार नाही. जनुकक्रम आणि जंगलातली टिपणे एकमेकांना पूरक आहेत, आणि दुसरे नसेल तर पहिल्याला उभे राहायला जागा नसते.

तिसरा आक्षेप संवर्धनाचा: तपासायला उपटायची म्हणजे नाश करायचा का? इथे स्वित्झर्लंडमधला दीर्घ प्रयोग मार्गदर्शक आहे. 1975 पासून सुमारे तीन दशके तिथल्या जंगलात ठरावीक पट्ट्यांतून अळंब्या वेचल्या आणि न वेचलेल्या पट्ट्यांशी तुलना केली. वेचण्याने पुढच्या पिकावर किंवा जातींच्या संख्येवर परिणाम दिसला नाही, मात्र माणसांच्या पायाखाली जमीन तुडवली गेली तिथे अळंब्यांची संख्या घटली. अळंबी हे फळ आहे, तिचे शरीर मातीत किंवा लाकडात पसरलेले तंतुजाल असते. एका गुच्छातली एक-दोन अंगे पुरेशी होतात. दुर्मीळ ठिकाणी आणि आपल्याकडे अभयारण्यांत, राष्ट्रीय उद्यानांत मात्र वन विभागाची परवानगी घेतल्याखेरीज काही उचलता येत नाही, आणि तो नियम योग्य आहे. तिथे छायाचित्रांवर भागवून वंशाच्या नावावर थांबावे.

अधिवासाचा पुरावाही डोळे झाकून लावता येत नाही. ब्रिटन, डेन्मार्क आणि आसपासच्या देशांत क्लाव्हेरिया, क्लाव्हुलिनोप्सिसच्या कित्येक जाती खतविरहित, जुन्या गवताळ कुरणांत येतात, इतक्या की वॅक्सकॅप अळंब्यांबरोबर त्यांची मोजणी करून कुरणाचे संवर्धनमूल्य ठरवले जाते. उत्तर अमेरिकेत मात्र त्याच वंशाच्या अळंब्या प्रामुख्याने रुंदपर्णी जंगलात सापडतात. ‘गवतात असेल तर क्लाव्हेरिया, जंगलात असेल तर नाही’ हा युरोपीय नियम अमेरिकेत फसतो, आणि आशियात त्याला आंधळेपणाने लावणे त्याहून धोक्याचे.

भारतापुरते पाहिले तर या गटाचा पाया पंजाब विद्यापीठातील के. एस. थिंड यांनी घातला. मसुरीच्या टेकड्यांतल्या बांज ओक आणि देवदारच्या जंगलांत केलेल्या संग्रहांवर त्यांचा ‘भारतातील क्लाव्हेरिएसी’ हा ग्रंथ आधारलेला आहे, आणि तो 1961 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. हिमालयात ओक आणि सूचिपर्णी झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांना जागा असल्यामुळे रामारिया, क्लाव्हुलिना यांचा तिथला पसारा मोठा आहे. सह्याद्रीत चित्र वेगळे. कर्नाटकातल्या उप्पंगळासारख्या डिप्टेरोकार्प वृक्षांच्या जंगलांत असे सहजीवी कवक नोंदले गेले आहेत, पण महाबळेश्वर-आंबोलीकडची अंजनी, जांभूळ, पिसा यांची वने त्या धाटणीची नाहीत. म्हणून इथे फांद्यांची पिवळी अळंबी दिसताच हिमालयाच्या किंवा युरोपच्या पुस्तकातले रामारियाचे चित्र शोधण्याऐवजी आधी लाकडावरची डॅक्रिऑपिनॅक्स, चपटी, उलथन्यासारख्या टोकाची, जेलीसारखी, ती आहे का हे पाहावे. ही सह्याद्रीच्या पावसात सडक्या ओंडक्यावर सर्रास दिसते. वारुळाच्या जुन्या जागेतून आलेला काळा दंडगोल असेल तर झायलेरिया आधी मनात यावी. कोकण-गोव्यात वारुळावरच्या ओळमीचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, कोणत्या वारुळावर, कोणत्या पावसानंतर, हे लोक अचूक सांगतात. तीच नजर प्रवाळींकडे वळली तर या भागातली नोंद झपाट्याने भरून निघेल.

नोंद मात्र नमुन्यासकट हवी. ताज्या अळंबीचे रंग, वास, मोडण्याची तऱ्हा, ठशाचा रंग, लाकूड की माती, आसपासची झाडे, उंची, तारीख हे सर्व त्याच दिवशी लिहून ठेवावे, मग 40 ते 45 अंश सेल्सिअसच्या कोरड्या उबेत अळंबी पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावी आणि कागदी पाकिटात, आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक संग्रहालय आणि राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे. टिपणांसह वाळवलेला नमुना अशा संग्रहात पोचला तर त्याच्यावरून काही दशकांनंतरही जनुकक्रम काढता येतो, आणि पाकिटावर आज केवळ ‘क्लाव्हुलिना, जाती अनिश्चित’ असे लिहिलेले असले तरी तो नमुना त्या कामाला पूर्ण उपयोगी असतो. ‘पिवळी रामारिया’ म्हणून घाईने एखादे युरोपीय नाव चिकटवलेला आणि टिपणाशिवाय ठेवलेला तुकडा मात्र पुढच्या अभ्यासकाला पुन्हा शून्यापासून तपासावा लागतो, आणि ताजेपणीचा रंग, ठसा व वास तोवर कायमचे गेलेले असतात.